चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर

श्रावणमासी आमच्या वाशीम जिल्ह्यातही आजीबाईंच्या तोंडून कहाण्या ऐकावयास मिळतात. त्यांतील आटपाट नगर, राजाराणी व नागोबा दिसत तरी कसे असतील, हा प्रश्न बालमनास पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर रंगांनी देणाऱ्या एका मराठी चित्रकाराचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म कोल्हापुरास ता. १८ मार्च १८६७ रोजी झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. तेथील मुख्य जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी पूर्वी आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करविल्या होत्या. अजिंठ्याची पुष्कळशी लेणी ज्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळी कोरली गेली, त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीमच! इतक्या दूरच्या नात्याने का होईना, धुरंधरांच्या गुरुगृहाशी आपला संबंध पोहोचतो.

‘लक्ष्मी, आलीस का?’ अशा अर्थाचे नाव असलेल्या त्यांच्या चित्रास १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढल्याच वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले. परंतु त्याच सुमारास मुंबईत प्लेग शिरला व त्या साथीत त्यांची प्रथम पत्नी बापूबाई निवर्तली. अशा आघाताने कित्येकांचा हात थांबला असता. धुरंधरांचा थांबला नाही.

१९१४ साली सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणून ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे मुलांचे पुस्तक लंडनच्या मॅकमिलन कंपनीकडून प्रसिद्ध केले. त्यातील चित्रे धुरंधरांची. परदेशी मुलांपुढे मराठी घर मांडावयाचे, तर ते मांडणारा हात त्या घरातला हवा होता. नऊवारीचा काष्टा कसा घ्यावा, तो कोणत्या जातीत कसा बदलतो, हे त्यांनी जन्मभर निरखलेले होते. ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांविषयीच्या १९२० च्या ग्रंथातही त्याची साक्ष पटते. पुराणप्रसंगांवरची व शिवचरित्रावरची त्यांची मोठी तैलचित्रे अधिक गाजली. आम्हास मात्र ही लहान चित्रेच जास्त जिवंत वाटतात. त्यांची शैली पाश्चात्त्य वळणाची, असा आक्षेप घेतला जातो. वळण पाश्चात्त्य खरे, पण त्यात उभी राहिलेली माणसे आपल्या वाड्यांतली आहेत.

१९३० साली कलाशाळेच्या संचालकपदाचा कार्यभार त्यांजकडे आला. तोवर त्या जागी कोणी भारतीय बसला नव्हता. १९३१ त ते निवृत्त झाले व ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ह्या नावाने आपल्या आठवणी त्यांनी लिहिल्या. ता. १ जून १९४४ रोजी ते वारले. त्यांची कन्या अंबिकाबाई ह्याही त्याच शाळेत शिकून चित्रकार झाल्या व पित्याच्या पश्चात त्यांची चित्रे त्यांनी जपून ठेविली. कहाण्यांचे ते पुस्तक आता संगणकावर विनामूल्य पाहता येते; पालकांनी येत्या श्रावणात ते मुलांपुढे अवश्य उघडावे.