ऑर्गनच्या काळात चर्चमध्ये घुमली मराठी ओवी. कोण होते फादर स्टीफन्स?

लाखनी : श्रावणातली पोथी असो की ज्ञानेश्वरीचे पारायण, भंडारा जिल्ह्यातल्या गावांना ओवी नवी नाही. हीच ओवी ४०० वर्षांपूर्वी गोव्यातल्या चर्चमध्येही गायली जात होती आणि ती रचणारा माणूस इंग्रज होता. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

गोव्यात कसे आले?

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर भागात झाला. रोममध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजाने निघून ते २४ ऑक्टोबरला गोव्यात पोहोचले. पुढची सुमारे ४० वर्षे त्यांनी बहुतांशी दक्षिण गोव्यातील साष्टी भागात काढली. भारतीय भाषांचे ग्रीक आणि लॅटिनशी असलेले साम्य त्यांनी १५८३ मध्येच भावाला पत्रातून कळवले होते.

तेव्हा चर्चमध्ये काय गायले जाई?

जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले आणि १६१९ मध्ये संपले. स्टीफन्स यांचे गोव्यातले सारे आयुष्य हे कॅथेड्रल उभे राहत असतानाच गेले. युरोपात तेव्हा बरोक संगीताचा काळ सुरू होत होता. नळ्यांतून हवा सोडून वाजणारा ऑर्गन आणि त्याच्या साथीने गाणारा गायकवृंद, अशी चर्चसंगीताची पद्धत होती. गोव्यातही चर्चच्या शाळांत मुलांना हे गायन शिकवले जाई. मात्र उपासनेची भाषा लॅटिन होती. सामान्य माणसाला सूर कळत, शब्द कळत नसत.

मग पुराण का लिहिले?

पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळे पाडली होती. धर्मांतर झालेल्यांची जुनी पुराणेही सुटली होती. त्या जागी काहीतरी हवे, ही गरज स्टीफन्स यांनी ओळखली. त्यांनी बायबलची कथा मराठी ओवीत रचली. सुमारे ११ हजार ओव्यांचे हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातल्या मराठीत कोकणी शब्दही मिसळले आहेत. रविवारी आणि सणांच्या दिवशी ते चर्चमध्ये म्हटले जाऊ लागले. १६१९ मध्ये, म्हणजे से कॅथेड्रल पूर्ण झाले त्याच वर्षी, स्टीफन्स यांचे निधन झाले.

ग्रंथ टिकला कसा?

१६४९ आणि १६५४ मध्ये पुराण पुन्हा छापले गेले. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले : स्थानिक भाषा सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज बोला. पुढे छापील प्रती नाहीशा झाल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

तरीही पुराण संपले नाही. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली आणि ओव्या गात राहिली. त्याच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती निघाली. लंडनमध्ये देवनागरी हस्तलिखितही सापडले. १९५६ मध्ये पुण्यात देवनागरी आवृत्ती छापली गेली.

छापील पाने गेली, फर्मानेही इतिहासजमा झाली. ओवी मात्र गाणाऱ्यांच्या कंठात राहिली, म्हणून स्टीफन्स यांचे मराठी काव्य आजही वाचता येते.