तुकाराम-शिष्या संत बहिणाबाई

वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे शके १५५० मध्ये, म्हणजे इ. स. १६२८ साली, आऊजी कुलकर्णी व जानकी या दांपत्याच्या पोटी बहिणाबाईंचा जन्म झाला. अवघ्या तिसऱ्या वर्षी, तिशीच्या घरातील एका वेदपाठी बिजवराशी त्यांचा विवाह झाला. कन्या अजून बोबडे बोलत होती; परंतु ती कोणाची, कोणत्या वर्णाची, तिने काय ऐकावे आणि कोणापुढे मस्तक नमवावे, हे सारे तिच्याविना ठरून गेले होते.

पुढे भाऊबंदकीमुळे हे कुटुंब गाव सोडून निघाले. भिक्षा मागत, पंढरपूर, रहिमतपूर असे करीत ते कोल्हापुरास आले. तेथे पतीस दानात एक कपिला गाय मिळाली व तिला वासरू झाले. ते वासरू अकरा वर्षांच्या बहिणाबाईंचा पाठ सोडीना. जयरामस्वामी वडगावकरांच्या कीर्तनास त्या गेल्या, तर तेही गेले. स्वामींनी वासराच्या आणि त्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. घरात व शास्त्रात जिला कोणी विचारले नव्हते, तिची भर सभेत ही पहिली ओळख पटली. ही वार्ता घरी पोहोचताच पतीने तिला वेणीला धरून मारले आणि बांधून ठेवले. गाईवासराने चारापाणी वर्ज्य केले. वासरू गेले, आणि त्याच्यामागे बहिणाबाई कित्येक दिवस निश्चेष्ट पडून राहिल्या.

त्या अवस्थेतून जाग्या होत असता त्यांना श्रीतुकोबांनी स्वप्नात दर्शन देऊन मंत्रोपदेश केला. प्रत्यक्षात त्यांनी तुकोबांना तोवर पाहिलेही नव्हते. केवळ अभंग ऐकले होते. ब्राह्मणाच्या स्त्रीने शूद्र गुरू करावा, हे त्या काळी अघटित होते. त्यातच लोक बहिणाबाईंच्या दर्शनास येऊ लागले. विद्वान पतीला सर्वांत अधिक बोचले ते हेच, की लोक पत्नीस नमस्कार करतात आणि आपल्याला तृणवत् लेखतात. वेदविद्येने ज्याला मान दिला, त्याला दुसऱ्याचा मान सोसवेना. विद्येची ही दशा पाठशाळेत वाढलेल्यांनी विसरू नये. गर्भवती पत्नीस टाकून निघून जाण्याचा त्याने निश्चय केला. परंतु दाहज्वराने तो महिनाभर अंथरुणास खिळला. बहिणाबाईंनी अहोरात्र शुश्रूषा केली. पतिसेवा हा आपला धर्म, असे त्यांनी मनाशी ठरविले. मात्र गुरू सोडण्यास त्या तयार झाल्या नाहीत. आजच्या वाचकास यात शरणागती दिसेल. तथापि मार आणि त्यागाची धमकी यांपुढे एका किशोरीने अंतःकरणातील एक जागा कोणाच्याही स्वाधीन केली नाही, ही गोष्ट लहान नव्हे. दुखण्यातून उठलेला पती पालटला व सर्वजण देहूस आले.

देहूत सत्ता दुसऱ्या रूपाने उभी होती. मंबाजी गोसावी यांनी प्रथम ह्या ब्राह्मण दांपत्यास आपले शिष्य होण्यास सांगितले. त्यांनी नाकारताच त्यांना भ्रष्ट ठरविले व पुण्यास तक्रार पाठविली. त्यांनी गाय कोंडून मारली, तेव्हा त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असे बहिणाबाईंनी स्वतः लिहिले आहे. त्या डगमगल्या नाहीत; नित्य कीर्तन ऐकत राहिल्या. काशीबाई ही कन्या तेथेच झाली. तुकोबांच्या प्रयाणानंतर, म्हणजे १६४९ नंतर, त्यांचे पुढील आयुष्य शिऊर येथे गेले.

बहिणाबाईंचे आत्मनिवेदन हे मराठीतील स्त्रीने लिहिलेले आरंभीचे आत्मचरित्र होय. पतीने मारले तेही त्यात आहे आणि पतीविषयी आदरही आहे. त्यांनी काहीच लपविले नाही. वेदांचा अधिकार नाही, मंत्र उच्चारता येत नाही, स्त्रीजन्म पराधीन आहे, ही खंत त्यांनी उघड मांडली. ज्यांना श्रुती ऐकण्याचीही मनाई, त्यांनीच वज्रसूची उपनिषदाचा आशय अभंगांत आणून ब्राह्मण कोण हा प्रश्न विचारला. जीव, देह, जाती, ज्ञान, कर्म, धार्मिकता यांपैकी एकानेही ब्राह्मणत्व सिद्ध होत नाही, ब्रह्म जाणतो तोच ब्राह्मण, हा उपनिषदाचा निर्णय त्यांनी प्राकृतात सर्वांच्या हाती दिला. आपले गुरू कोणत्या वर्णाचे, या छळवाद्यांच्या प्रश्नाला याहून समर्पक उत्तर कोणी दिले नसते.

अंतकाळ जवळ आला तेव्हा त्यांनी पुत्र विठोबास बोलावून घेतले आणि आपल्या मागील बारा जन्मांचा वृत्तांत सांगितला. शके १६२२ मध्ये, इ. स. १७०० साली, आश्विन शुद्ध प्रतिपदेस त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी शिऊर येथे आहे. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट यांनी त्यांच्या आत्मचरित्राचे व अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.