ग्रंथसंग्राहक बाबासाहेब आंबेडकर

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित व समाजसुधारक होते. त्याचबरोबर ते विसाव्या शतकातील भारतातील सर्वांत मोठ्या खाजगी ग्रंथसंग्रहांपैकी एकाचे मालक होते. हा संग्रह त्यांनी वारशाने मिळवला नव्हता आणि शिल्लक पडलेल्या पैशांतूनही उभा केला नव्हता. आयुष्याचा बराच काळ त्यांची ग्रंथखरेदी उधारी, काटकसर आणि कुटुंबाची ओढाताण यांवर चालली. त्यामुळे त्यांच्या संग्राहक जीवनाचा विचार करताना ग्रंथांच्या संख्येबरोबरच त्यांच्या किमतीचा, आणि ती किंमत कोणी चुकती केली याचाही विचार करावा लागतो.

बालपण

आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते व लष्करी शाळेत त्यांनी शिक्षकाचे काम केले होते. निवृत्तीनंतर त्यांना दरमहा ५० रुपये निवृत्तिवेतन मिळे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे कुटुंब मुंबईत परळच्या एका चाळीत राहावयास आले. स्वयंपाकाची भांडी, जळण, जाते, शेळी आणि माणसे या सर्वांना मिळून एकच खोली होती. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा थोरले चिरंजीव आनंदराव यांना नोकरी धरावी लागली.

शाळेच्या पुस्तकांबाहेरची पुस्तके वाचण्याची भीमरावांची सवय याच काळातील आहे. मुलाने पुस्तक मागितले की सुभेदार ते आणून देत. हातात पैसा नसेल तर ते मुंबईतच राहणाऱ्या आपल्या विवाहित मुलींकडे, मंजुळा व तुळसा यांच्याकडे, जात. मुलीकडे रोख रक्कम नसल्यास तिचा एखादा दागिना घेऊन तो सावकाराकडे गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आल्यावर सोडवून परत करीत. आंबेडकरांच्या संग्रहाची सुरुवात अशी बहिणींच्या दागिन्यांपासून होते. चरित्रग्रंथांत हा प्रसंग पितृप्रेमाचा म्हणून येतो. बहिणींच्या वाट्याला त्यातून काय आले, याची नोंद मात्र फारशी कोणी घेतलेली नाही.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. या निमित्ताने झालेल्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची केळूसकरांशी तेथेच ओळख झाली होती. पुढे केळूसकरांच्याच प्रयत्नाने बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांची महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली.

न्यूयॉर्क आणि बुडालेले सामान

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. या रकमेतून घरखर्चासाठीही पैसे पाठवावे लागत. नाटक-सिनेमा, सहली, खाणेपिणे या गोष्टींना फाटा देऊन उरलेला पैसा ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत घालवीत. तेथील वास्तव्यात त्यांनी सुमारे २,००० जुनी पुस्तके जमवल्याचे चरित्रकार नोंदवतात. लंडनला जाताना ही पुस्तके त्यांनी भारतात पोहोचवण्यासाठी एका परिचिताच्या स्वाधीन केली. त्यांतील बरीच त्यांच्या हाती परत आली नाहीत.

दुसरा आघात लगेचच झाला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. ते स्वतः एका बोटीने निघाले आणि पुस्तकांसह सामान थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने पाठवले. ही दुसरी बोट जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कंपनीकडून नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. त्यांतील काही रक्कम पत्नी रमाबाई यांच्या हाती घरखर्चासाठी देऊन उरलेल्या पैशांवर ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. ग्रंथ गेले नसते तर प्रवासखर्चाचीही सोय नव्हती, अशी ही परिस्थिती होती.

लंडन, १९२०–१९२३

नोव्हेंबर १९१८ पासून आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपये वेतनावर प्राध्यापक होते. चाळीतील राहणी न बदलता त्यांनी या वेतनातून बचत केली. तिला शाहू महाराजांच्या मदतीची आणि कोलंबियातील मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या ५,००० रुपयांच्या कर्जाची जोड देऊन ते जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तेथे बसत. दुपारचे जेवण बहुधा नसेच. रात्री भूक लागल्यास खोलीत पापड भाजून खात. पोटाला चिमटा घेऊन वाचवलेल्या पैशांतून पुस्तके घेण्याचे न्यूयॉर्कमधील धोरण येथेही कायम राहिले.

या खर्चातून प्रत्यक्षात उभे राहिले ते रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाचे काम. परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यात दुरुस्त्या करून तो पुन्हा सादर करावा लागला. त्यावर लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी मिळाली व १९२३ च्या अखेरीस तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी दिलेली साक्ष याच अभ्यासावर आधारलेली होती. मात्र या तीन वर्षांत परळमध्ये रमाबाईंनी अत्यंत हलाखीत संसार चालवला. आंबेडकर दांपत्याच्या पाच अपत्यांपैकी केवळ यशवंत हेच जगले, आणि घरातील दारिद्र्य व आजारपण यांचा या मृत्यूंशी असलेला संबंध नाकारता येत नाही. ग्रंथांवरील खर्च योग्य होता की नाही, याचे उत्तर म्हणूनच केवळ पदव्यांच्या यादीने देता येत नाही.

परळची चाळ आणि राजगृह

बॅरिस्टर होऊन परतल्यावरही आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते. त्यांपैकी एक खोली प्रामुख्याने पुस्तकांची व अभ्यासाची होती. वकिलीचे उत्पन्न अनिश्चित असल्याने त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व नंतर शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापनही केले.

पुस्तके चाळीत मावेनाशी झाली, तेव्हा त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. त्यांपैकी एकावर १९३० च्या दशकाच्या आरंभी राजगृह ही वास्तू उभी राहिली. तिला मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव देण्यात आले. कुटुंब तळमजल्यावर आणि ग्रंथ वरच्या मजल्यावर, अशी तिची रचना होती. आंबेडकरांचा स्वतःचा मुक्काम बहुतेक वेळ ग्रंथांपाशीच असे. दुसऱ्या भूखंडावरील चार मिनार ही इमारत १९४१ मध्ये विकण्यात आली. कर्जफेड आणि ग्रंथखरेदी ही या विक्रीची कारणे सांगितली जातात. राजगृह मात्र त्यांनी कधीही विकले नाही. रमाबाईंना या घरात फार काळ राहता आले नाही. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

संग्रहातील ग्रंथसंख्येचे निरनिराळे आकडे दिले जातात. अमेरिकन पत्रकार जॉन गुंथर यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इनसाइड एशिया या पुस्तकात राजगृहातील ग्रंथांची संख्या ८,००० दिली आहे. आंबेडकरांच्या निधनसमयीच्या संख्येबाबत ३५,००० पासून ५०,००० हून अधिक असे आकडे आढळतात. संग्रहाच्या काही भागाचे त्यांच्या हयातीतच स्थलांतर झाल्याने अशी तफावत पडणे स्वाभाविक आहे. अर्थशास्त्र, कायदा, इतिहास, धर्म, समाजशास्त्र आणि चरित्रे हे त्यातील मुख्य विषय होत. दुर्मीळ प्रती किंवा देखण्या बांधणीच्या आवृत्त्या यांच्यामागे लागणाऱ्या संग्राहकांत त्यांची गणना होत नाही. पुस्तक हे त्यांचे कामाचे हत्यार होते. शूद्र पूर्वी कोण होते यावरील ग्रंथ असो वा राज्यघटनेच्या मसुद्यासाठी केलेला इतर देशांच्या घटनांचा अभ्यास असो, त्याची सामग्री बरीचशी घरातच उपलब्ध होती.

लेखण्या आणि पोशाख

उपयुक्ततेचे हे समर्थन त्यांच्या दुसऱ्या आवडींना तितकेसे लागू पडत नाही. आंबेडकरांना चांगल्या फाउंटन पेनांचा शौक होता आणि त्यांच्यापाशी अनेक पेन होते, असे त्यांच्या सहवासात राहिलेल्यांच्या आठवणींवरून दिसते. स्वस्त पेनाने तितकेच लिहिता आले असते, हे उघड आहे. उत्तम शिवणीचे सूट, टाय आणि हॅट यांविषयीही ते चोखंदळ होते. ऐन दारिद्र्यविरोधी चळवळीच्या नेत्याने असा पोशाख करावा काय, अशी टीका त्यांच्यावर होत असे. गांधीजींच्या पंचाशी त्यांच्या सुटाची तुलना हा त्या काळी चर्चेचा नेहमीचा विषय होता.

या टीकेचा विचार जातिव्यवस्थेपासून वेगळा काढून करता येत नाही. कोणी काय नेसावे, कोणत्या धातूचे दागिने घालावेत, इतकेच नव्हे तर जेवणात तूप वाढावे की नाही, हे रूढीने ठरवलेले होते. इंदूर भागातील बलाई समाजाला जरीकाठी पागोटी व रंगीत काठाची धोतरे वापरण्यास आणि त्यांच्या स्त्रियांना सोन्याचांदीचे दागिने घालण्यास करण्यात आलेल्या मनाईचा उल्लेख आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनाविषयीच्या भाषणात केला आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात जातीची खूण ठरणारे जड व हलक्या प्रतीचे दागिने टाकून द्यावेत आणि स्वच्छ, नीटनेटके लुगडे नेसावे, असे आवाहन केले होते. ज्याला महागडी वस्तू घेण्याची मुभाच नव्हती, त्याने ती वापरणे याला पैशांपलीकडचा अर्थ होता. श्रीमंतीत जन्मलेल्याने साधेपणा स्वीकारणे आणि अस्पृश्य म्हणून जन्मलेल्याने सूट घालणे या दोन कृतींचे मोजमाप एकाच फूटपट्टीने होत नाही.

भंडारा पोटनिवडणूक

१९५१ मध्ये आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला व ते राज्यसभेवर निवडून गेले. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. भंडारा जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच समाविष्ट होता. मतदारसंघ द्विसदस्यीय असल्याने प्रत्येक मतदाराला दोन मते होती. राखीव जागेवर आंबेडकर उभे होते, तर सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता.

आपले एक मत आंबेडकरांना द्यावे आणि दुसरे वाया घालवावे, असा काही कार्यकर्त्यांचा विचार होता. घटनेचा शिल्पकार मत वाया घालवण्याचा सल्ला देऊ शकत नाही, या भूमिकेतून आंबेडकरांनी त्यास विरोध केला. मेहता निवडून आले. आंबेडकर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून ८,३८१ मतांनी पराभूत झाले. मधुमेह व पायदुखी यांनी ते या वेळी त्रस्त होते. यानंतर त्यांनी लोकसभेची निवडणूक लढवली नाही व उरलेली शक्ती प्रामुख्याने बौद्ध धम्माविषयीच्या लेखनाकडे वळवली.

अखेरचा ग्रंथ

हजारो पुस्तके विकत घेणाऱ्या या लेखकाजवळ स्वतःचा ग्रंथ छापण्यास पैसे नव्हते. बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथाच्या छपाईसाठी त्यांनी टाटा न्यासाकडे साहाय्य मागितले. तेथून ३,००० रुपये मिळाले. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून ग्रंथाच्या सुमारे ५०० प्रती सरकारने विकत घ्याव्यात, अशी विनंती केली. बुद्धजयंतीसाठी राखलेला निधी संपल्याचे कारण देऊन ती मान्य करण्यात आली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली. नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या भंडाऱ्यातूनही मोठ्या संख्येने लोक तेथे आले होते. ६ डिसेंबर रोजी दिल्लीत २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. आदल्या रात्री ते याच ग्रंथाची प्रस्तावना तपासत होते. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

संग्रहाची विभागणी

आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये मुंबईत सुरू झाले. आपल्या संग्रहातील मोठा भाग त्यांनी या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दिला. पंडित मदनमोहन मालवीय यांनी बनारस हिंदू विद्यापीठासाठी हा संग्रह विकत मागितला होता व आंबेडकरांनी नकार दिला होता, असे सांगितले जाते. राजगृहातील काही दालनांत स्मारक करण्यात आले आहे. नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात त्यांचे कपडे, टंकलेखन यंत्र व वापरातील इतर वस्तू जतन केलेल्या आहेत. १९२१–२२ मध्ये ते भाडेकरू म्हणून राहिलेले लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये कोट्यवधी रुपये देऊन विकत घेतले.

धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त नागपूरच्या दीक्षाभूमी परिसरात दरवर्षी पुस्तकांची शेकडो दुकाने लागतात. भंडारा, गोंदिया आणि विदर्भाच्या अन्य जिल्ह्यांतून येणारे शेतमजूर व कामगारही तेथून पुस्तके विकत घेऊन जातात, आणि त्यांत बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथाच्या प्रतींचा खप मोठा असतो.