अडखळणारा मास्तर आणि अक्षरांचा खेळ

मित्रहो, आपल्या हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांची दहावी मराठी माध्यमातून झालेली आहे. मी स्वतः देऊळगाव राजाचा. आमच्याकडे पाचवीपासून इंग्रजी शिकलो ते स्पेलिंग घोकून. शब्द आधी डोळ्यांनी पाहिला, वहीत दहादा लिहिला, आणि तो बोलायचा कसा हे कितीतरी नंतर कळलं. त्यामुळे इथे आल्यावर होतं काय, की वायवाला उत्तर येत असतं पण तोंडातून बाहेर पडत नाही. ग्रुप डिस्कशनची नोटीस लागली की चांगली चांगली पोरं रूमचं दार लावून बसतात. मार्क असतात, डोकं असतं, पण 'मला इंग्रजी येत नाही' या एका वाक्यावर सगळं अडतं.

अशा सगळ्यांना मी आज एका माणसाची ओळख करून देणार आहे. हा माणूस जन्माने इंग्रज, मातृभाषा इंग्रजी, आणि तरीही इंग्रजी बोलताना तो जन्मभर अडखळला.

त्यांचं खरं नाव चार्ल्स लटविज डॉजसन. जग त्यांना लुईस कॅरोल म्हणून ओळखतं. जन्म 27 जानेवारी 1832, इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातलं डेअर्सबरी हे छोटं गाव. वडील धर्मगुरू. घरात अकरा भावंडं, चार्ल्सचा नंबर तिसरा, पण मुलांमध्ये थोरला. लहानपणी उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं. त्यात बोलताना तोतरेपण, आणि हा त्रास त्यांच्या बहुतेक भावंडांनाही होता. रग्बीच्या नामांकित बोर्डिंग शाळेत ठेवलं, पण तिथले दिवस काही सुखाचे गेले नाहीत. हॉस्टेलचा पहिला महिना ज्यांनी रडत काढला त्यांना हे वेगळं सांगायला नको!

मात्र सुट्टीत घरी आला की हा मुलगा राजा. भावंडांसाठी तो हाताने लिहिलेली मासिकं काढायचा. गोष्टी, कविता, चित्रं, सगळं घरचंच. त्यातल्या एका मासिकाचं नाव होतं 'मिशमॅश', म्हणजे आपल्या भाषेत सरमिसळ, खिचडी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

1851 मध्ये ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात राहायला गेले ते आयुष्यभरासाठी. 1854 मध्ये गणितात पहिला वर्ग मिळवला आणि 1855 पासून 1881 पर्यंत तिथेच गणित शिकवलं. एम-वनमध्ये ज्यांना डिटर्मिनंटने रडवलं आहे त्यांच्यासाठी खास माहिती : मोठा डिटर्मिनंट दोन बाय दोनचे तुकडे सोडवत सोडवत लहान करत नेण्याची एक पद्धत डॉजसन यांनी 1866 मध्ये मांडली. ती आजही त्यांच्या नावाने शिकवली जाते.

बोलण्यातला दोष जावा म्हणून त्यांनी जेम्स हंट या तज्ज्ञाकडे उपचार घेतले. तोतरेपण पूर्ण गेलं नाही. 1861 मध्ये डीकनची दीक्षा घेतली, पण पुढची पूर्ण धर्मगुरूची दीक्षा कधी घेतली नाही. चर्चमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची धास्ती हे त्यामागचं एक कारण असावं असं चरित्रकार मानतात. तरी वर्गावर जाणं त्यांनी सोडलं नाही. सव्वीस वर्षं अडखळत का होईना, शिकवत राहिले.

पण जिभेवर जी भाषा अडायची, ती कागदावर मात्र त्यांच्या हातात लोण्यासारखी मऊ व्हायची. 1856 मध्ये टोपणनाव हवं होतं. तेव्हा त्यांनी 'चार्ल्स लटविज' या दोन शब्दांतली अक्षरं उलटसुलट करून 'एडगर कथवेलिस' अशी नावं बनवली. शिवाय त्याच दोन नावांचं लॅटिन करून, क्रम बदलून, परत इंग्रजीत आणून 'लुईस कॅरोल' बनवलं. संपादकांनी हेच पसंत केलं. 4 जुलै 1862 ला नावेतून फिरताना कॉलेजच्या डीनच्या तीन मुलींना सांगितलेली गोष्ट 1865 मध्ये पुस्तक होऊन आली, ती म्हणजे 'ॲलिस इन वंडरलँड'. त्या पुस्तकाबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी तिथे थांबत नाही.

मला जास्त आवडतात ते त्यांचे शब्दखेळ. 1877 च्या नाताळात दोन मुली करमत नाही म्हणून मागे लागल्या, तेव्हा त्यांनी 'डब्लेट्स' तयार केला. एका वेळी एकच अक्षर बदलायचं, आणि प्रत्येक पायरीवर खरा शब्द हवा. कॅटचा डॉग करायचा तर कॅट, कॉट, कॉग, डॉग. 1879 मध्ये हा खेळ 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात छापून आला आणि लोकांना वेड लागलं. कॉम्प्युटरवाल्यांनी ओळखलं असेल, हा तर ग्राफमधला शॉर्टेस्ट पाथ! डोनाल्ड नूथ यांनी पुढे पाच अक्षरी 5757 इंग्रजी शब्द घेऊन याचाच अभ्यास केला. अक्षरं बुद्धिबळाच्या पटावर सरकवून शब्द बनवायची कल्पना कॅरोलनी 1880 मध्ये डायरीत टिपून ठेवली होती. स्क्रॅबल यायला तेव्हा अजून पन्नास वर्षं होती.

आणि मग आला खरा खेळ. नाव तेच, घरच्या मासिकाचं, 'मिशमॅश'. दोघांनी खेळायचा. एकाने दोन किंवा जास्त अक्षरांचा तुकडा द्यायचा, दुसऱ्याने तो तुकडा जसाच्या तसा पोटात असलेला इंग्रजी शब्द शोधायचा. विशेषनाम चालत नाही. उदाहरणार्थ जी-पी दिलं तर मॅगपाय. गंमत म्हणजे तुकडा देणाऱ्याला स्वतःला शब्द माहीत असलाच पाहिजे अशी अट नाही, आणि असा शब्दच नाही हेही एक उत्तर आहे.

मागच्या दसऱ्याला बालाजी महाराजांच्या यात्रेसाठी गावी गेलो होतो. तेव्हा आम्ही मित्रांनी हा खेळ आपल्या एस.टी.च्या पाट्यांवर लावला. देऊळगावच्या इंग्रजी स्पेलिंगमधून यू-एल-जी घेतलं. बल्ज, इंडल्ज, डायव्हल्ज, व्हल्गर असे पटापट निघाले. त्याच पाटीतून जी-ए-ओ घेतलं तर जेलचं जुनं ब्रिटिश स्पेलिंग सापडलं. बुलढाण्यातलं एल-डी-एच सगळ्यांना अशक्य वाटलं, आणि निघालं काय तर चाइल्डहूड! चिखलीतलं एच-एल-आय हायलाइटमध्ये. मेहकरमधलं एच-के लॅचकीमध्ये. सिंदखेडमधलं एन-डी-के तर आपल्या खिशातच होतं, हँडकरचीफ. सिंदखेडच्याच डी-के-एच पुढे मात्र आम्ही सगळ्यांनी हात टेकले. वाचकांपैकी कोणाला सापडला तर मेसमध्ये जरूर गाठावं.

यातून दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. पहिली, अक्षरांचा तुकडा विचित्र दिसला की शब्दाचा सांधा शोधावा. चाइल्ड आणि हूड, लॅच आणि की, हाय आणि लाइट. दोन शब्द जिथे जोडले जातात तिथेच अशी अक्षरं शेजारी येतात. आपल्या समासासारखंच हे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हँडकरचीफमधला डी बोलताना ऐकूच येत नाही, हायलाइटमधलं जी-एच सुद्धा नाही. ज्याने इंग्रजी फक्त कानाने शिकली तो इथे चाचपडतो, आणि ज्याने घोकून घोकून डोळ्यांनी शिकली त्याला शब्द लगेच दिसतो. म्हणजे ज्या शिकण्याची आपल्याला लाज वाटते ती आपली पुंजी आहे, बरं का! बोलायचा सराव करावाच लागेल, त्याला पर्याय नाही. पण आपण शून्यापासून सुरुवात करतोय हे खरं नाही.

आज कॉम्प्युटरला एक कमांड दिली की असे शब्द क्षणात पडद्यावर येतात. कॅरोलना ही सोय नव्हती. त्यांनी स्वतःच्या पत्रांची जी नोंदवही ठेवली होती तिच्यात शेवटचा क्रमांक 98,721 होता. जो माणूस बोलताना अडायचा त्याने एवढी पत्रं लिहिली आणि घेतली! त्यांनी कवितेत गमतीने घडवलेला 'चॉर्टल' हा शब्द तर आज इंग्रजी डिक्शनरीत मानाने बसला आहे.

14 जानेवारी 1898 ला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दिवसांत, गिल्डफर्ड येथे बहिणींच्या घरी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. सहासष्टावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. तोतरेपण शेवटपर्यंत सोबत राहिलं, पण त्यामुळे त्यांचं इंग्रजीशी भांडण झालं नाही.

तेव्हा मित्रहो, यंदा कॅम्पसच्या आधी रात्री मेसनंतर दोघं दोघं बसा आणि आपापल्या गावाच्या पाटीतली तीन अक्षरं समोरच्याला द्या. शब्द सापडला की तो वापरून एक वाक्य मोठ्याने बोला. अडखळलात तरी बोला. ऑक्सफर्डचा मास्तरही अडखळतच शिकवत होता.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी