गुणगुणणारा ग्लेन

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मागच्या वर्षी रीडिंग हॉलमध्ये कोणीतरी सारखं म्म्म म्म्म करतं अशी जी तक्रार गेली होती ना, तो कोणीतरी म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी सिग्नल्सचा पेपर, डोक्यात फुरिये आणि घशात एकच खालचा सूर. खरं सांगतो, मला स्वतःला तो ऐकू येत नव्हता. आधी शेजारच्या टेबलावरून चिठ्ठी आली, मग वॉचमनकाका आले, मग मी पुस्तकं उचलून जिन्यात जाऊन बसलो. जिन्यात गुणगुणायला बंदी नव्हती, पण दिवाही नव्हता.

रात्री हे सगळं रूममेटला सांगितलं. त्याला कुठलंकुठलं संगीत ऐकायचा नाद. तो काही बोलला नाही, सरळ हेडफोन माझ्या कानात घातला आणि पियानोकडे लक्ष देऊ नकोस, त्याच्या मागे ऐक, एवढंच म्हणाला. मागे एक माणूस गुणगुणत होता. बेसूरच म्हणायला हवं. जगभर विकल्या गेलेल्या रेकॉर्डवर! त्या माणसाचं नाव ग्लेन गूल्ड. त्या रात्रीपासून मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो, सबमिशन बोंबललं तरी.

ग्लेनचा जन्म कॅनडातल्या टोरांटोचा, २५ सप्टेंबर १९३२. वडील बर्ट फरच्या कपड्यांचे व्यापारी, आई फ्लॉरेन्स संगीत शिकवणारी. पहिला गुरू तीच. तीन वर्षांचा असतानाच कुठलाही सूर नुसता ऐकून त्याचं नाव सांगायचा. तान्हा असताना तो रडण्याऐवजी गुणगुणायचा असं त्याच्या वडिलांनी सांगून ठेवलंय. पुढे चिलीहून आलेले अल्बेर्तो गेरेरो हे गुरू मिळाले. पियानोपुढे खाली बसून फक्त बोटांनी वाजवायची पद्धत त्यांची, ती ग्लेनने उचलली आणि टोकाला नेली.

टोकाला म्हणजे किती? १९५३ मध्ये वडिलांनी घरातल्या एका घडीच्या खुर्चीचे पाय कापले आणि टोकांना स्क्रू बसवले, म्हणजे प्रत्येक पायाची उंची वेगळी लावता येईल. बैठक जमिनीपासून अवघी १४ इंच. (मेकॅनिकलवाल्यांनी वडिलांना मनातल्या मनात मार्क द्यावेत.) या खुर्चीवर नाक जवळजवळ पट्ट्यांना टेकवून ग्लेन वाजवायचा. गोल गोल डुलायचा, एक हात मोकळा झाला की त्याने हवेत स्वतःलाच दिशा द्यायचा, आणि गुणगुणणं चालूच. मैफलीआधी कोपरापर्यंत हात गरम पाण्यात बुडवून वीसेक मिनिटं बसायचा. भर उन्हाळ्यात ओव्हरकोट, टोपी, हातमोजे. अशा अवतारात फ्लोरिडामध्ये बागेतल्या बाकावर बसला असताना पोलिसांनी त्याला धरलं होतं, बहुधा भटक्या समजून.

१९५५ च्या जानेवारीत त्याने न्यूयॉर्कमध्ये वाजवलं आणि दुसऱ्याच दिवशी कोलंबिया कंपनीने त्याच्यापुढे करार ठेवला. जूनमध्ये तो स्टुडिओत दाखल झाला तो कोट, मफलर, टॉवेल, गोळ्यांच्या बाटल्या आणि ती खुर्ची घेऊन. बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही रचना त्याने अशी वाजवली की बावीस वर्षांचा हा पोरगा एकदम जगप्रसिद्ध झाला. रेकॉर्डिंगच्या इंजिनिअर लोकांची मात्र पंचाईत. पियानो टिपायचा म्हटलं की गुणगुणणं येणार, शिवाय खुर्चीची कुरकुर. माइक हलवून झाले, आडोसे लावून झाले. ग्लेनचं म्हणणं असं की हे बंद केलं तर मला इतकं चांगलं वाजवता येणार नाही. शेवटी नॉइजसकट सिग्नल स्वीकारला गेला.

इथे जरा थांबून माझं सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मला डॉक्टरांनी सांगितलं की मी ऑटिस्टिक आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात, मला तो शब्द तितकासा पटत नाही, पण असो. हात फडफडवणं, पुढे-मागे डोलणं हे सिनेमात दिसतं. मोठ्या माणसांमध्ये हे बरंचसं दडलेलं असतं. शर्टाच्या आतलं लेबल दोन बोटांत चोळत राहणं, एकच गाणं चाळीस वेळा ऐकणं, दातांनी मनातल्या तालावर टकटक, जाड पांघरूण घट्ट लपेटून घेणं, जिन्याच्या पायऱ्या मोजणं. याला स्टिमिंग म्हणतात. आवाज, उजेड, गर्दी, पेपर असं सगळं अंगावर आलं की शरीर आपल्या ओळखीची एक गोष्ट पुन्हा पुन्हा करून स्वतःला सावरतं. पेनाचं बटण टिकटिक करणारे आणि पाय हलवणारे तुम्हीही थोडंफार तेच करता. फरक इतकाच की आम्हाला ते जास्त लागतं, आणि लोकांसमोर दाबून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत अंगातला जीव जातो. मी सहा लेक्चर्स मुकाट बसून दाखवतो. नंतर जेवायलाही उठवत नाही.

ग्लेनला हे नाव कधी मिळालं नाही. कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये लिहिलं ते लहान मुलांबद्दल. मोठ्यांकडे लक्ष जाईपर्यंत ग्लेन गेला होता. त्याचे मित्र आणि मानसोपचारतज्ज्ञ पीटर ऑस्टवॉल्ड यांनी लिहिलेलं चरित्र १९९७ मध्ये आलं, त्यात ही शक्यता पहिल्यांदा मांडली गेली. काही अभ्यासकांना ती पटते, काहींना नाही. मेलेल्या माणसाची तपासणी करता येत नाही हे मलाही कळतं, मी पडलो ईएनटीसीचा. पण वाचताना पानापानावर ओळखीचं काहीतरी भेटतं त्याला काय करू?

भडक रंग त्याला सोसायचे नाहीत. लहानपणी डिस्नेचा 'फँटेशिया' बघून त्याचं डोकं दुखायला लागलं होतं. ढगाळ, करडं आकाश हेच त्याचं सुंदर हवामान. जेवण म्हणजे बहुतेक वेळा अंड्याची भुर्जी, तीही मध्यरात्रीनंतर, ठरलेल्या हॉटेलात. (आमच्या मेसच्या मावशी मला न विचारता दहीभात वाढतात, त्यांना साष्टांग नमस्कार.) परक्याचा स्पर्श नको असायचा. १९५९ च्या डिसेंबरमध्ये पियानो कंपनीच्या एका तंत्रज्ञाने त्याच्या खांद्यावर थाप मारली, तर याने खांदा दुखावला म्हणून कार्यक्रम रद्द केले आणि तीन लाख डॉलरचा दावा लावला! नंतर तडजोड झाली सुमारे नऊ हजारांवर. यात तो बरोबर होता असं मी म्हणणार नाही. पण मागून अचानक पडलेली थाप मला दिवसभर जाणवत राहते हे मात्र खरं.

मला सगळ्यात आवडतो तो व्हॅक्यूम क्लीनरचा किस्सा. पोरगेलेसा ग्लेन मोझार्टचा तुकडा वाजवत होता आणि मोलकरणीने शेजारीच यंत्र सुरू केलं. पियानो ऐकू येईना. पण बोटांना तो जाणवत होता, आणि मनातलं संगीत त्याला जास्त स्वच्छ ऐकू यायला लागलं. पुढे एखादी जागा अडली की तो मुद्दाम रेडिओ आणि टीव्ही मोठ्याने लावून बसायचा. आम्हाला शांतता हवी असते असं लोक धरून चालतात. कधी कधी हवा असतो आपण निवडलेला गोंगाट.

समीक्षक त्याच्या डुलण्यावर पानंच्या पानं लिहायचे. लोक वाजवणं ऐकायला यायचे तसे हे बघायलाही यायचे. १० एप्रिल १९६४ ला लॉस एंजेलिसमध्ये वाजवून त्याने मैफली बंद केल्या त्या कायमच्या, वयाच्या ३१ व्या वर्षी. नंतर फक्त स्टुडिओ. तिथे तो अर्धा इंजिनिअरच झाला. बाखच्या एका फ्यूगची सहावी आणि आठवी टेक त्याने फीत कापून एकत्र जोडली, आणि तसं उघड लिहूनही टाकलं. मित्रांशी गप्पा रात्री फोनवर, तासन् तास.

सगळं छान होतं असं समजू नका. गोळ्या वाढत गेल्या, दिवसातून अनेकदा रक्तदाब मोजून तो वहीत आकडे लिहायचा. खुर्ची, गरम पाणी, गुणगुणणं सगळं होतं, तरी भीती पुरून उरली. १९८१ मध्ये त्याने 'गोल्डबर्ग' पुन्हा रेकॉर्ड केलं. पहिलं साधारण ३८ मिनिटांचं, हे ५१. खुर्ची तीच. बैठक केव्हाच फाटून गेली होती, उरला होता नुसता सांगाडा, आणि हा त्याच्यावर बसत होता. रेकॉर्ड १९८२ च्या सप्टेंबरमध्ये आली. त्याच महिन्यात, पन्नासाव्या वाढदिवसानंतर दोन दिवसांनी, त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ४ ऑक्टोबरला तो गेला.

१९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि ग्लेनने वाजवलेलं बाखही. ते पावणेपाच मिनिटांचं बाख मी हेडफोन लावून किती वेळा ऐकलंय, गुणगुणणं सापडतंय का म्हणून. मला वाटतं सापडतं. रूममेट म्हणतो, तो तूच आहेस.

आता एक काम उरलंय. यंदा खोली बदलणार आहे. माझ्या सध्याच्या खोलीतली खुर्ची एका पायाने आखूड आहे, त्यामुळे तिच्यावर बसून बारीक झुलता येतं. ती नव्या खोलीत नेऊ द्यावी म्हणून रेक्टर सरांकडे अर्ज दिलाय. सर, हा अंक हातात पडला असेल, तर तो अर्ज तुमच्या टेबलावर डावीकडच्या गठ्ठ्यात आहे.