तळघरातील निबंधवाचन

विद्यापीठांतून तरुण जीवशास्त्रज्ञांचे परिसंवाद भरू लागले, की त्यांची उपयुक्तता काय, असा प्रश्न हटकून विचारला जातो. ज्यांच्या संशोधनाला अद्याप धड आकार आलेला नाही अशा विद्यार्थ्यांनी दहा-पंधरा मिनिटे काही वाचून दाखवावे, चार वडीलधाऱ्यांनी माना डोलवाव्यात आणि प्रमाणपत्रे घेऊन सर्वांनी घरी जावे, यातून शास्त्राची प्रगती ती कितीशी होणार? ही शंका अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु तिचे उत्तर शोधताना चार्ल्स डार्विनच्या चरित्रातील एका अल्पपरिचित प्रकरणाकडे वळणे उद्बोधक ठरेल. बीगल जहाजावरील त्याचा प्रवास सर्वांना ठाऊक असतो. त्याआधी सुमारे पावणेपाच वर्षे एडिंबरो विद्यापीठाच्या तळघरातील एका खोलीत त्याने वाचलेला निबंध मात्र सहसा कोणाच्या ध्यानात नसतो.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी येथे झाला. वडील नामांकित वैद्य, आजोबा इरॅस्मस डार्विन हेही वैद्य आणि ग्रंथकार. मुलानेही तोच व्यवसाय पत्करावा या हेतूने १८२५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याला थोरल्या भावाबरोबर एडिंबरोला धाडण्यात आले. तेथील व्याख्याने त्याला विलक्षण कंटाळवाणी वाटली. क्लोरोफॉर्मचा शोध लागून त्याचा वापर सुरू होण्यास अजून वीस वर्षांहून अधिक अवकाश होता. दोन शस्त्रक्रिया त्याने पाहिल्या. त्यांपैकी एक लहान मुलावरची होती. दोन्ही वेळी तो मध्येच उठून बाहेर पडला आणि पुन्हा कधी तिकडे फिरकला नाही. रूढ अर्थाने पाहिले तर तो नापास झालेला विद्यार्थीच होता.

परंतु विद्यापीठ म्हणजे केवळ वर्ग नव्हे. गयानातून आलेला जॉन एडमन्स्टन नावाचा एक मुक्त झालेला कृष्णवर्णीय गुलाम एडिंबरोत पक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरून ती टिकवण्याचे काम करीत असे. डार्विनने फी देऊन त्याच्याकडून ही विद्या शिकून घेतली. न्यूहेवनच्या कोळ्यांशी त्याने मैत्री केली आणि कालवे काढण्यासाठी ते निघाले, की तोही त्यांच्या होडीतून जाई. रॉबर्ट ग्रँट हा सागरी प्राण्यांचा व्यासंगी अभ्यासक त्याला याच काळात भेटला. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या डबक्यांतून जीव गोळा करावेत, ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावेत आणि दिसेल ते टिपून ठेवावे, ही शिस्त डार्विनला ग्रँटमुळे लागली. फिरता फिरता ग्रँटने एकदा लामार्कच्या उत्क्रांतिविषयक मतांची मोठी स्तुती केली, तेव्हा हा तरुण आश्चर्याने केवळ ऐकत राहिला.

त्या वेळी विद्यापीठात प्लिनियन सोसायटी नावाची विद्यार्थ्यांची एक निसर्गविज्ञान मंडळी होती. १८२३ साली स्थापन झालेल्या या मंडळीला प्राध्यापक रॉबर्ट जेमिसन यांचे प्रोत्साहन होते. निबंध वाचावेत आणि त्यांवर वाद करावा, एवढाच तिचा कार्यक्रम. नोव्हेंबर १८२६ मध्ये डार्विन तिचा सभासद झाला आणि पुढच्याच महिन्यात कार्यकारी मंडळावर निवडून आला. या सभांतील सर्वच वक्ते तयारीचे होते असे नव्हे. एकदा एक बिचारा तरुण उभा राहिला, बराच वेळ अडखळला, लाजेने लाल झाला आणि शेवटी आपण काय बोलणार होतो तेच विसरलो, असे सांगून खाली बसला. ही आठवण डार्विनने वार्धक्यात मोठ्या सहानुभूतीने लिहून ठेवली आहे.

२७ मार्च १८२७ रोजी डार्विनने आपली दोन निरीक्षणे या मंडळीपुढे ठेवली. फ्लस्ट्रा नावाच्या समूहाने राहणाऱ्या सागरी प्राण्याची जी अंडी समजली जात, ती सूक्ष्म केसांच्या साहाय्याने स्वतः हालचाल करतात, म्हणजे वास्तविक त्या अळ्या आहेत, हे पहिले. समुद्रशैवालाची बाल्यावस्था म्हणून समजले जाणारे काळे गोल कण हे एका सागरी जळवेच्या अंड्यांचे कोश आहेत, हे दुसरे. शोध लहान होते, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून प्रचलित समजूत दुरुस्त करणारे होते. तेव्हा त्याचे वय होते अठरा वर्षे.

या प्रसंगाला दोन कडू किनारी आहेत. तीनच दिवस आधी, २४ मार्चला, ग्रँटने वर्नेरियन सोसायटी या प्रौढ शास्त्रज्ञांच्या सभेत फ्लस्ट्राविषयी निबंध वाचला होता. त्यात डार्विनचे निरीक्षण आले, डार्विनचे नाव मात्र आले नाही. शास्त्रज्ञांच्या मत्सराची ही आपली पहिली ओळख, असे डार्विन पुढे घरात सांगत असे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की जळवेच्या कोशांबद्दल ग्रँटने त्याच वर्षी छापील लेखात त्याचा नामोल्लेख केला. दुसरी गोष्ट त्याच संध्याकाळची. विल्यम ब्राउन या विद्यार्थ्याने मन हे मेंदूच्या रचनेतूनच उपजते, असे प्रतिपादन केले. त्यावरून मोठे वादंग माजले आणि इतिवृत्तातील ती नोंद खोडून टाकण्यात आली. हाच ब्राउन पुढे मनोरुग्णालयांच्या सुधारणेसाठी प्रसिद्धीस आला.

त्याच वर्षी डार्विनने एडिंबरो सोडले. केंब्रिजमध्ये त्याला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो भेटले. त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बैठकीला विद्यार्थ्यांना आणि बुजुर्गांना सारखाच प्रवेश असे. बीगलच्या सफरीसाठी त्याचे नाव सुचवले ते हेन्स्लो यांनीच. डिसेंबर १८३१ ते ऑक्टोबर १८३६ ही पाच वर्षे त्या प्रवासात गेली. नंतर डाउन गावी राहून त्याने उत्क्रांतीचा विचार वीस वर्षे मुरवला. त्यांतील आठ वर्षे तर बार्नॅकल या सागरी प्राण्यांच्या अभ्यासात घालवली. किनाऱ्यावरच्या डबक्यांत लागलेली सवय अशी आयुष्यभर पुरली.

आणि १८५८ साली नियतीने पारडे फिरवले. मलाय द्वीपसमूहातून आल्फ्रेड रसेल वॉलेस या आपल्याहून चौदा वर्षांनी लहान संशोधकाचा निबंध त्याच्या हाती पडला. त्यात नैसर्गिक निवडीचाच सिद्धांत मांडलेला होता. दुसऱ्याचे श्रेय लाटल्याचा संशयदेखील येऊ नये, यासाठी आपला ग्रंथ जाळावा लागला तरी चालेल, अशी त्याची भावना झाली. लायल आणि हूकर या मित्रांच्या योजनेनुसार १ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. वॉलेसची संमती घेण्यास अवधी नव्हता; ही उणीव राहिलीच. तीन दिवसांपूर्वी तान्हे मूल दगावल्याने डार्विन स्वतः सभेला नव्हता. पण वॉलेसचे नाव लपले नाही. पुढे वॉलेस आर्थिक अडचणीत असताना त्याला वार्षिक २०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मिळावे, यासाठी डार्विनने खटपट केली आणि १८८१ मध्ये ती सफल झाली. १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विनचे निधन झाले.

तात्पर्य उघड आहे. विद्यार्थ्यांच्या परिसंवादातून दरवर्षी डार्विन निपजणार नाहीत. प्लिनियन सोसायटीच्या बहुतेक सभासदांची नावेही आज कोणाला माहीत नाहीत. परंतु वर्गात रमू न शकलेल्या एका मुलाला त्या तळघराने श्रोते दिले, आणि पाहिलेले चार लोकांपुढे मांडण्याची हिंमत दिली. आपल्या विद्यापीठांनी असे मंच जरूर चालवावेत. मात्र तेथे वाचलेला निबंध कोठेतरी छापला जावा, ज्याचे निरीक्षण त्याचेच नाव त्यावर असावे आणि अप्रिय मताची नोंद कोणी खोडू नये, एवढी काळजी मार्गदर्शकांनी वाहिलीच पाहिजे. आपला तो निबंध कधी छापून आला नाही, याची नोंद डार्विनने सदुसष्टाव्या वर्षी लिहिलेल्या आत्मवृत्तातही केली आहे. पहिल्या निबंधाचे मोल ऐकणाऱ्यांना वाटते त्याहून वाचणाऱ्याला किती अधिक असते, हे परीक्षकांच्या खुर्चीत बसणाऱ्यांनी विसरू नये.