रूथ वेकफील्ड

रूथ ग्रेव्ह्ज वेकफील्ड (१७ जून, १९०३ – १० जानेवारी, १९७७) या अमेरिकन पाककलातज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, उपाहारगृह-चालक व पाकपुस्तक-लेखिका होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्यातील व्हिटमन या गावी त्या पती केनेथ वेकफील्ड यांच्यासह ‘टोल हाऊस इन’ हे उपाहारगृह चालवीत. चॉकलेटचे तुकडे घातलेली कुकी, म्हणजेच आज जगभर चॉकलेट चिप कुकी या नावाने ओळखला जाणारा पदार्थ, त्यांनी १९३०च्या दशकात याच ठिकाणी तयार केला. या कुकीचे न भाजलेले पीठ, ज्याला कुकी डो म्हणतात, पुढे स्वतंत्र पदार्थ म्हणून खाल्ले जाऊ लागले आणि आइस्क्रीम व इतर गोड पदार्थांत त्याचा वापर रूढ झाला.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

रूथ यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील ईस्ट वॉलपोल येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव ग्रेव्ह्ज. त्यांचे शालेय शिक्षण ईस्टन येथील ऑलिव्हर एम्स हायस्कूलमध्ये १९२० साली पूर्ण झाले. त्यानंतर त्यांनी फ्रेमिंगहॅम येथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाच्या गृहशास्त्र विभागात प्रवेश घेतला आणि १९२४ मध्ये तेथून पदवी मिळवली.

पदवीनंतर त्यांनी ब्रॉकटन येथील हायस्कूलमध्ये गृहशास्त्र शिकवले. आहारतज्ज्ञ म्हणूनही त्यांनी काम केले आणि अन्न या विषयावर व्याख्याने दिली. १९२६ मध्ये त्यांचा विवाह केनेथ डोनाल्ड वेकफील्ड यांच्याशी झाला. या दांपत्याला एक मुलगा व एक मुलगी अशी दोन अपत्ये झाली.

टोल हाऊस इन

१९३० मध्ये वेकफील्ड दांपत्याने व्हिटमन येथील एक जुने घर विकत घेतले. हे गाव बॉस्टन व न्यू बेडफर्ड या शहरांना जोडणाऱ्या मार्गावर, दोहोंच्या साधारण मध्यावर आहे. ऑक्टोबर १९२९ मधील शेअर बाजाराच्या कोसळण्यानंतर अमेरिकेत महामंदी सुरू झाली होती. अशा काळात नवे उपाहारगृह काढणे धाडसाचे होते.

उपाहारगृहाला त्यांनी ‘टोल हाऊस’, म्हणजे पथकर नाका, असे नाव दिले आणि घराच्या बांधकामाचे वर्ष म्हणून फलकावर १७०९ हा आकडा लावला. पूर्वी घोडागाडीचे प्रवासी येथे पथकर भरत, घोडे बदलत आणि जेवण घेत, अशी या जागेची कथा सांगितली जात असे. प्रत्यक्षात हे घर १८१७ मध्ये बांधलेले होते आणि तेथे पथकर नाका कधीच नव्हता. जुन्या वसाहतकाळाविषयी प्रवाशांना वाटणाऱ्या आकर्षणाचा व्यवसायासाठी केलेला हा उपयोग होता.

स्वयंपाकाची जबाबदारी रूथ यांच्याकडे होती. घरगुती पद्धतीचे जेवण, लॉब्स्टरचे पदार्थ आणि विशेषतः जेवणानंतरचे गोड पदार्थ यांमुळे टोल हाऊस इनची ख्याती आसपासच्या प्रदेशात पसरली व उपाहारगृहाचा विस्तार होत गेला. रूथ यांनी आपल्या पाककृतींचे पुस्तक १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस प्रसिद्ध केले. ‘टोल हाऊस ट्राइड अँड ट्रू रेसिपीज’ या नावाने त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

चॉकलेट चिप कुकी

टोल हाऊस इनमध्ये आइस्क्रीमबरोबर बटरस्कॉच चवीची, सुकामेवा घातलेली एक पातळ कुकी दिली जात असे. ती ग्राहकांना आवडत होती, तरी त्यांना काही वेगळे देता यावे म्हणून रूथ यांनी नवी कुकी तयार करण्याचे ठरवले. या कामात उपाहारगृहातील त्यांच्या सहकारी स्यू ब्राइड्स यांचा सहभाग होता. नेस्ले कंपनीच्या कमी गोड चॉकलेटच्या वडीचे बर्फ फोडण्याच्या टोकदार हत्याराने बारीक तुकडे करून ते तपकिरी साखरेच्या पिठात मिसळण्यात आले. ‘टोल हाऊस चॉकलेट क्रंच कुकी’ या नावाने ही कृती त्यांच्या पुस्तकाच्या १९३८ च्या आवृत्तीत समाविष्ट झाली.

मूळ कृतीत एक कप लोणी, पाऊण कप तपकिरी साखर, पाऊण कप पांढरी साखर, दोन अंडी, सव्वादोन कप मैदा, एक चमचा मीठ, गरम पाण्यात विरघळवलेला खाण्याचा सोडा, व्हॅनिला, एक कप सुकामेवा आणि वाटाण्याएवढे केलेले चॉकलेटचे तुकडे असे साहित्य आहे. अर्धा-अर्धा चमचा पीठ ताटावर सोडून ३७५ अंश फॅरनहाइट (सुमारे १९० अंश सेल्सिअस) तापमानाला १० ते १२ मिनिटे भाजावे, असे त्यात सांगितले आहे. या मापात सुमारे १०० लहान कुकी होतात. आज मिळणाऱ्या मोठ्या, मऊ कुकींच्या तुलनेत मूळ कुकी आकाराने लहान व कुरकुरीत होती.

पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत रूथ यांनी एक महत्त्वाची सूचना जोडली. टोल हाऊसमध्ये हे पीठ रात्रभर थंड ठेवून दुसऱ्या दिवशी त्याचे गोळे वळून भाजले जात. पीठ थंड राहिल्याने लोणी घट्ट होते व मैदा ओलावा शोषून घेतो. त्यामुळे कुकी भट्टीत कमी पसरते आणि तिची चव अधिक गडद होते. व्यावसायिक बेकरींमध्ये ही पद्धत आजही वापरली जाते.

अपघाताची आख्यायिका

ही कुकी चुकून तयार झाली अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित आहे. एका कथेनुसार रूथ यांच्याकडील स्वयंपाकाचे चॉकलेट संपले होते, म्हणून त्यांनी वडीचे तुकडे घातले व ते पिठात पूर्ण विरघळतील अशी अपेक्षा केली. दुसऱ्या कथेनुसार पीठ फेटणाऱ्या यंत्राच्या कंपनाने फळीवरील चॉकलेट भांड्यात पडले.

या कथांना विश्वसनीय आधार नाही. रूथ यांनी स्वतः उतारवयात, नेहमीच्या कुकीपेक्षा वेगळे काही देण्याचा आपला प्रयत्न होता, असे सांगितले होते. पाककृतींच्या इतिहासाचे अभ्यासकही याच मताचे आहेत. गृहशास्त्राची पदवी घेतलेली, तो विषय शिकवलेली आणि मोजमापाच्या काटेकोर कृतींचे पुस्तक लिहिलेली व्यक्ती चॉकलेटच्या गुणधर्मांविषयी अनभिज्ञ असणे संभवत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. चॉकलेटमधील कोकोचे लोणी उष्णतेने मऊ होते. परंतु ते ढवळले न गेल्यास कोको व साखरेच्या कणांची रचना टिकून राहते आणि तुकडा आपला आकार फारसा सोडत नाही. अपघाताची कथा अधिक रंजक असल्यामुळे ती पसरली. तिच्यामुळे या पदार्थामागील प्रशिक्षण व प्रयोगशीलता मात्र झाकली गेली.

नेस्लेशी करार

वृत्तपत्रे व रेडिओ यांमुळे ही कृती प्रसिद्ध झाली आणि नेस्लेच्या कमी गोड चॉकलेटचा खप वाढला. मार्च १९३९ मध्ये रूथ यांनी आपली कृती व ‘टोल हाऊस’ हे नाव वापरण्याचा अधिकार नेस्लेला दिला. या अधिकाराची ठरलेली किंमत एक डॉलर होती व तो डॉलर आपल्याला कधी मिळाला नाही, असे रूथ यांनी पुढे सांगितल्याचा उल्लेख आढळतो. मात्र कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून मानधन दिले व चॉकलेटचा मोफत पुरवठाही केला.

नेस्लेने प्रथम सहज तोडता येईल अशी खाचा पाडलेली चॉकलेटची वडी तुकडे करण्याच्या लहान हत्यारासह विकली. लवकरच तयार तुकड्यांची पाकिटे बाजारात आली व पाकिटावर कृती छापली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात मॅसॅच्युसेट्समधील सैनिकांना घरून या कुकी पाठवल्या जात. ते त्या इतर राज्यांतील सहकाऱ्यांना देत व त्यांच्याकडूनही कृतीची मागणी होई. अशा रीतीने एका उपाहारगृहातील पदार्थ देशभरातील घरांत पोहोचला.

उत्तरायुष्य

सुमारे साडेतीन दशके चालवल्यानंतर वेकफील्ड दांपत्याने १९६०च्या दशकात टोल हाऊस इन विकले. रूथ यांचे १० जानेवारी, १९७७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे निधन झाले. ३१ डिसेंबर, १९८४ च्या रात्री लागलेल्या आगीत टोल हाऊस इनची इमारत जळून गेली.

कच्च्या पिठाचा स्वतंत्र पदार्थ

कुकी भाजण्यापूर्वी भांड्यातील पीठ चाखण्याची सवय अमेरिकन घरांत जुनी आहे. या सवयीला व्यावसायिक रूप १९८०च्या दशकात मिळाले. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथील बेन अँड जेरीज या आइस्क्रीम कंपनीच्या दुकानात १९८४ मध्ये एका अनामिक ग्राहकाने आइस्क्रीममध्ये कुकी डो घालण्याची सूचना चिठ्ठीवर लिहून ठेवली. दुकानात हा प्रकार लोकप्रिय झाला. परंतु कारखान्यात पिठाचे चिकट गोळे यंत्रातून आइस्क्रीममध्ये सोडणे अवघड होते. ऱ्हायनो फूड्स या स्थानिक कंपनीच्या मदतीने ही अडचण सुटली आणि १९९१ पासून हे आइस्क्रीम डब्यांत मिळू लागले.

भाजण्यासाठी केलेले पीठ कच्चे खाणे सुरक्षित नसते. कच्च्या अंड्यांत साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात, हे बहुतेकांना ठाऊक होते. मैद्याचा धोका मात्र दुर्लक्षित राहिला होता. गहू उघड्या शेतात पिकतो आणि दळल्याने त्यातील जिवाणू मरत नाहीत. २००९ मध्ये अमेरिकेतील ३० राज्यांत ७० हून अधिक लोकांना ई. कोलाय जिवाणूचा संसर्ग झाला. त्याचा संबंध टोल हाऊस याच नावाने विकल्या जाणाऱ्या तयार कुकी डोशी आढळला व कंपनीने माल बाजारातून परत घेतला. जिवाणू नेमका कोणत्या घटकातून आला हे निश्चित सिद्ध झाले नाही. तरी तपास करणाऱ्या संशोधकांचा संशय मैद्यावर होता. त्यानंतर कंपनीने उष्णता-प्रक्रिया केलेला मैदा वापरण्यास सुरुवात केली.

थेट खाण्यासाठीच्या कुकी डोची कृती त्यामुळे रूथ यांच्या कृतीपेक्षा काही बाबतींत वेगळी असते. लोणी, दोन प्रकारची साखर, मीठ, व्हॅनिला व चॉकलेटचे तुकडे कायम राहतात. मैदा उष्णता-प्रक्रिया केलेला असतो. अंड्यांऐवजी थोडे दूध किंवा साय घालतात, अथवा पाश्चरीकृत अंडी वापरतात. पीठ फुगवायचे नसल्यामुळे सोड्याची गरज राहत नाही. मैदा घरी भट्टीत किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यास सर्व जिवाणू नष्ट होतीलच याची खात्री देता येत नाही. म्हणून घरगुती उपाय न करता तयार प्रक्रिया केलेला मैदा वापरावा, असा सल्ला अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन देते.

असे पीठ आइस्क्रीममध्ये गोळ्यांच्या रूपात घातले जाते, ब्राउनीवर थर म्हणून पसरले जाते, चीजकेकमध्ये मिसळले जाते किंवा त्याचे गोळे थंड करून वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवले जातात. २०१७ मध्ये न्यू यॉर्क शहरात प्रामुख्याने कुकी डो विकणारे दुकान सुरू झाले आणि त्यापुढे ग्राहकांच्या लांब रांगा लागल्या.

वारसा व सन्मान

सोमरसेट येथील शाळकरी मुलांच्या प्रस्तावावरून १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सने चॉकलेट चिप कुकीला राज्याची अधिकृत कुकी म्हणून मान्यता दिली. ज्या उल्लेखनीय व्यक्तींच्या निधनाची नोंद आपण वेळेवर घेतली नव्हती, त्यांच्यावरील लेखमालेत ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने २०१८ मध्ये, म्हणजे निधनानंतर ४१ वर्षांनी, रूथ वेकफील्ड यांचा मृत्युलेख प्रसिद्ध केला. व्हिटमन येथे टोल हाऊस इनच्या जागी आज स्मृतिफलक आहे.